ठिपका, ठिपका, भिंत

४ जानेवारी, रविवार

विश्वासच्या डाव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं. उजवा दिवाळीपासूनच गेल्यात जमा. सकाळी चहा घेताना म्हणाला, "मेघा, लाइट गेली का?"

लाइट होती. शिवाय ऊन टेबलापर्यंत आलेलं. मी "हो" म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

डॉक्टर : साखरेने पडदा खराब झालाय, रक्त निवळेपर्यंत थांबा, मग ऑपरेशनचं बघू. "पुन्हा दिसेल का?" यालाही "बघू"च.

कुर्डुवाडीहून, वि. कामाला आहे त्या वर्कशॉपच्या साहेबांचा फोन. वि.ने मलाच बोलायला लावलं. चांगलं बोलले. माणसं चांगलं बोलायला लागली की भीती वाटते.

७ जानेवारी

कॉलेजातून आले तर वि. लॅपटॉपसमोर. नाक स्क्रीनला टेकलेलं. तोच खेळ. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये याच्यावरूनच आमची ओळख झाली होती. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. @ म्हणजे आपण, ठिपके म्हणजे गुहेची फरशी, बाकीची अक्षरं म्हणजे राक्षस. मेलात की संपलं, सेव्ह पुसली जाते, पुन्हा पहिल्यापासून. "एवढा प्रामाणिक खेळ नाही दुसरा," असं म्हणायचा तेव्हा. मला कधी फारसा जमला नाही. मी त्याच्याशेजारी बसायचे, एवढंच.

"ॲट कुठंय सांग."
"वर, डावीकडे."
"डावीकडे म्हणजे किती? भिंतीला लागून का मोकळ्यात?"

मी सांगेपर्यंत साप आला. सापाचं सांगेपर्यंत ॲट मेला. वि.ने लॅपटॉप मिटला. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

१० जानेवारी

स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. फोनवर, ईमेलवर ठीक चालतं. खेळावर लावलं तर त्यातल्या आवाजाच्या बाई सुरू झाल्या : ठिपका ठिपका ठिपका ठिपका भिंत. पुढची ओळ. ठिपका ठिपका.

वि. हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. "अख्खी गुहा ठिपके ऐकत फिरू?"

या खेळाचा कोड सगळ्यांना खुला आहे. उतरवून घेतला. सी लँग्वेज, जुनी, कुणाकुणाचे हात लागलेली. एका ठिकाणी कुणीतरी लिहून ठेवलंय, इथे हात लावू नका, का चालतं ते मलाही माहीत नाही. बरं वाटलं वाचून.

१४ जानेवारी

संक्रांत. गावाहून, केमहून, आई आल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पिशवीत बाजरी, तीळ, शेंगा. गड्ड्याच्या जत्रेला जाऊ या म्हटलं, वि. नको म्हणाला. गर्दीत कुणीतरी हात धरणार. ते त्याला नको.

आई दारातूनच म्हणाल्या, "डोळं गेलं म्हंजी माणूस गेला का रं? उठ की, अंगुळ कर."
"आई, तू गप."
"गप न्हाय बसनार. लई बसले गप."

मग स्वयंपाकघरात येऊन रडल्या. मला म्हणाल्या, "तू रडू नगंस हां." मी रडत नव्हते.

१८ जानेवारी

नवी कमांड तयार. b दाबलं, ब बघचा, की खेळ एका ओळीत सांगतो : "उत्तरेला दार. पूर्वेला उंदीर, जवळ. खाली जिना, लांब." संदेश मराठीत केले, आवाज मराठी लावला. वि.ने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं.

"उंदीर म्हणू नको. आर म्हण. इतकी वर्षं तो आर आहे."

केलं.

१९ जानेवारी

घोळ. b हे जुन्या कमांडमध्ये तिरकं खाली पळायचं बटण. वि.ची बोटं कॉलेजपासून त्याच बटणांवर. मागे लांडगा लागला, पळायला b दाबलं, तर खेळ शांतपणे खोलीचं वर्णन करत बसला. दर वेळी दाबलं की वर्णन, दर वेळी चावा. मेला.

"काय केलंयस तू हे? माझी बोटं पण बदलू का आता?"

चूक माझीच. खेळणाऱ्याला विचारायला हवं होतं. कॉलेजात पोरांना हेच शिकवते मी.

आज नळाला पाणी यायचा दिवस होता. भांडणात अर्धी टाकी भरायची राहिली.

२५ जानेवारी

वर्णन स्पेसबारवर हलवलं. एकच गोष्ट दोनदा सांगायचा तेही काढलं. वि. इयरफोन लावून बसतो, मान खाली, डोळे मिटलेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. आई दारात उभ्या राहून बघतात.

"काय करतूय ह्यो?"
"गुहेत उतरलेत."
"बाहीर येतूय का पर?"

१ फेब्रुवारी, रविवार

एक बग सापडला. माझाच.

"बघ" कमांड मजल्यावरचे सगळे राक्षस फिरून तपासते, पण ते दिसतायत का हे विचारतच नाही. भिंतीपलीकडचे, अंधारातले, अदृश्य, सगळे सांगते. डोळस माणसाला या खेळात जे कधीच दिसत नाही ते वि.ला ऐकू येतं. म्हणून तो अचानक मरेनासा झालाय. "दिसत असेल तरच सांग", एवढ्या एका अटीचं काम. पाच मिनिटं.

आतून वि.चा आवाज : "मेघा! पाचवा मजला!"

अट लिहिली. मग पुसली. माझा लॅपटॉप बंद केला, भाकरी टाकायला गेले.

८ फेब्रुवारी

आठवा मजला. कॉलेजात असतानाही इतका खोल गेला नव्हता, स्वतःच सांगतो. आज आपणहून दाढी केली. कानाजवळ थोडी राहिली, मी काही बोलले नाही. जेवताना दोन वेळा शेंगाचटणी मागितली.

दुपारी साहेबांना स्वतः फोन केला. "सर, दिसत नसलं तरी काम जमेल मला. कसं ते सांगतो, मी सध्या एक..." आणि पुढे खेळाचंच सांगायला लागला. कुठे काय आहे ते नुसतं ऐकून कसं डोक्यात बसतं. साहेब ऐकत होते बहुतेक. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

अजून सांगता येईल. आज सांगितलं तर...

१४ फेब्रुवारी

त्यानेच ओळखलं.

स्पेसबार दाबला, खेळ म्हणाला, "पश्चिमेला भूत, लांब." वि. थांबला. पुन्हा दाबलं. मग मला हाक मारली. आवाज अगदी साधा.

"पश्चिमेला काय आहे?"
"भिंत."
"मग भूत कसं दिसलं?"

मी स्पेसबार दाबून बघितला, पुन्हा तेच भूत.

"आणि भूत तर अदृश्य असतं. डोळे असलेल्याला पण दिसत नाही ते. मला कसं दिसतंय?"
"बग आहे. काढते."
"कधी कळला तुला?"

खोटं बोलता आलं असतं. लाइटीसारखं. "पंधरा दिवस झाले," म्हणाले.

आई भाजी निवडायच्या थांबल्या.

"म्हणजे मी खेळतच नव्हतो. तू खेळवत होतीस. लहान पोराला मुद्दाम जिंकू देतात तसं."
"तू हसायला लागला होतास रे."
"मी साहेबांना फोन केला मेघा. मी त्या माणसाला फोन करून सांगितलं की मला जमतं."

त्यानंतर त्याने तो आठव्या मजल्यावरचा माणूस उभ्या उभ्या मरू दिला. काहीही न करता. प्रत्येक घाव बाई वाचून दाखवत होत्या. मी ऐकत उभी.

१७ फेब्रुवारी

वि. आईंबरोबर केमला गेला. गाडीत बसवून दिलं. खिडकीशी त्याने आईंना बसायला सांगितलं, "मला काय करायचीय खिडकी." त्याचा लॅपटॉप नेला नाही असं वाटलं होतं. घरी येऊन बघते तर नेलाय.

२० फेब्रुवारी

ती अट घातली. पाच मिनिटंच लागली. आता डोळसाला जे दिसतं तेवढंच सांगतो खेळ. नवी फाइल पाठवली, सोबत एकच ओळ, "बग काढला." उत्तर नाही.

आईंना फोन केला. "जेवतूय. बोलत न्हाय. वट्ट्यावर बसतूय कानात दोरी घालून."

कॉलेजात आज एका पोराने विचारलं, मॅडम, प्रोग्राम चालत असला आणि त्यात चूक असली तर तो बरोबर की चूक? सगळे हसले. मी विषय बदलला.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आधी काढलेले फोटो पुन्हा बघितले. रक्त निवळायची वाट बघण्यात अर्थ नाही, पडदा सुटायला लागलाय. फार थांबता येणार नाही. ऑपरेशनला १२ मार्च दिलीय. थोडं दिसेल, कदाचित काहीच नाही, कदाचित आहे तो उजेडही जाईल. सगळं एका दमात सांगितलं.

वि.ला फोनवर सांगितलं. "ऐकलं," म्हणाला. मग, "ऊन लई आहे इकडं." ठेवला. तो "लई" म्हणायला लागलाय, आईंसारखं. घर इतकं शांत की फ्रीज सुरू झाला तरी दचकते.

८ मार्च, रविवार

केमला जाऊन आले.

वि. ओट्यावर, इयरफोन. बारीक झालाय. आई म्हणाल्या, "आली बग तुजी." त्याने एक इयरफोन काढला.

"बग काढलास ते बरं केलंस. आता पहिल्या दुसऱ्या मजल्यावरच मरतो."
"सॉरी."
"सॉरी काय. खरं आहे ना ते." मग थोड्या वेळाने, "बस. खेळ."
"मी?"
"डोळे मिटून. ओढणी बांध."

बांधली. इयरफोन घातले. आईंची कोंबडी पायात आली तर ओरडले. स्पेसबार दाबला. "उत्तरेला दार, लांब. दक्षिणेला..." पुढे काय ते ऐकते तोवर घाव. कुठून? पुन्हा स्पेसबार. पुन्हा उत्तरेपासून सगळं, दार, कोपरा, जिना. शेजारी उभा राहिलेला राक्षस सगळ्यात शेवटी. तोवर दुसरा घाव. मी घाबरले. खरोखर घाबरले, ओट्यावर बसून, दुपारी, आई पलीकडे ज्वारी पाखडत असताना. बटणं सापडेनात. मेले. पहिलाच मजला.

ओढणी सोडली. ऊन डोळ्यांत गेलं.

इतके दिवस मी प्रत्येक चाचणी स्क्रीनकडे बघत केली होती. ऐकायचे, आणि बरोबर आहे का ते डोळ्यांनी तपासायचे. एकदाही डोळे मिटले नव्हते.

"जवळचं आधी सांगायला पाहिजे," मी म्हणाले.
"हं."
"तू बोलला का नाहीस?"
"तू विचारलं नाहीस. तुझं चाललं होतं मला बरं करायचं."

तिथेच बसून माझ्या लॅपटॉपवर क्रम बदलला. आता आधी जवळचा राक्षस, मग जिना, मग दारं. वि. शेजारी बसून सांगत होता, हा शब्द काढ, "आहे" काढ, वेळ खातो. आईंनी ताक आणून दिलं. कधी नव्हे ते भांडलो नाही. तो खेळला. दुसऱ्या मजल्यावर मेला. पण कशाने मेला ते त्याला कळलं होतं. "डावीकडून आला," म्हणाला. "मी उजवीकडं पळायला हवं होतं."

निघताना विचारलं, "गुरुवारी तारीख आहे. बुधवारी न्यायला येऊ?"
"आहे तो उजेड पण गेला तर?"

या वेळी काही बनवून सांगितलं नाही. "माहीत नाही," म्हणाले.

त्याने इयरफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बुधवारी फोन कर," म्हणाला. "मग सांगतो."

आई रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. "यील का ग त्यो?" मी म्हटलं, बघू. डॉक्टरांसारखंच.

गाडीत जागा मिळाली. माझा लॅपटॉप त्याच्याकडेच ठेवून आलेय.