कासव उलटं करून बघ

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने. खरं तर आत्ता डोकं इतकं तापलंय की पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की ‘आधी जेवलास का ते सांग’ म्हणतेस आणि पुढचं सगळं घशातच राहतं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, तेव्हा गप बसून वाच. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, पण गिरवून घेणारी तूच होतीस. म्हणजे निम्मा दोष तुझा.

परवा किती सहज म्हणालीस, या महिनाअखेर आपली पितळाची भट्टी पाडायची आणि तिथे पत्र्याची खोली टाकून भाड्याने द्यायची. मोडकी खुर्ची बाहेर काढायची असावी, तसं. बाबांना काय वाटतं विचारलं, तर म्हणे बाबा भिंतीकडे बघत बसलेत. बसू देत. ते आई गेल्यापासून भिंतीकडेच बघतायत. पण तू? तो चष्मेवाला व्यापारी येतो काय, टेबलावर शोभेचं कासव आपटतो काय, आणि तुलाच वर तोंड करून विचारतो, ‘बाजारात हेच मिळतंय, तुझ्यापेक्षा स्वस्त आणि गुळगुळीत. तू लोकांची नक्कल करायला लागलीस का गं?’ आणि तू ऐकून घेतलंस! याच चष्मेवाल्याने एकदा एकसारखी बारा घुबडं मागितली होती, तेव्हा ‘एकसारखी बारा हवीत तर अंडी विकत घ्या’ म्हणून त्याला चपला घालायलाही वेळ दिला नव्हतास. ती ताई कुठे गेली? आता म्हणतेस, ‘माझा हातच गेला रे.’ हात गेला म्हणे. ऐकून मी इथे जिन्यात बसून भिंतीवर बुक्क्या मारल्या. माझा हात सुजला, तो खरा गेलेला हात.

त्याहून जास्त राग शेजारच्या काकूवरून आला. वीस वर्षं तुम्ही दोघी एकाच फळीवर मेणाचे दोरे वळताय. तिच्या सुनेबद्दल तुला जेवढं माहीत आहे तेवढं तिच्या मुलालाही नसेल. आणि चष्मेवाल्याने ‘तुमच्याच अंगणातून कोणीतरी नमुने बाहेर दिले असतील’ एवढं म्हटल्याबरोबर तू फळी उचलून घरात आणलीस! काकूने दाराशी येऊन विचारलं, ‘माझं काय चुकलं ते तरी सांग’, तर कडी लावून घेतलीस. तुला कळतंय का तू काय केलंस? काकूला रागवायला येत नाही, तिला फक्त आजारी पडायला येतं.

मी इथे कुठल्या कारखान्यात आहे हे तू कधी नीट विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ‘शोभेच्या वस्तू’ एवढंच म्हणालो होतो. आधी हसरे बेडूक करायचो, बागेत ठेवायचे. एक रबरी साचा, त्यात बादलीतलं पातळ रेझिन ओतायचं, थोडं थांबायचं, रबर सोलून काढायचं, की बेडूक. पुन्हा ओतायचं, पुन्हा बेडूक. एका पाळीत दोनशे बेडूक आणि सगळे एकाच जोकवर हसणारे. जेवणाच्या सुट्टीत मी पोरांना सांगायचो, आमच्याकडे असं नसतं. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाचे दोरे गुंडाळून जनावर करायचं, वरून पुन्हा माती. भट्टीत मेण वितळून निघून जातं, त्याच्या जागी पितळ शिरतं. आणि शेवटी साचा हातोडीने फोडायचा, तेव्हा कुठे एक वस्तू हाती येते. दुसरी हवी तर पुन्हा पहिल्यापासून. एकजण म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही घरचे सगळेच वेडे.’ त्याची कॉलर धरली मी. सोडवायला चौघे लागले.

आणि अंगठ्याचं सांगायचो. मेण वळून झालं की वळणारीने पोटाखाली अंगठा दाबायचा. ज्याचा अंगठा, त्याने ती वस्तू कधीही परत घ्यायची. तडा जाऊ दे, कान तुटू दे, कोणीही आणू दे, का म्हणून विचारायचं नाही. घ्यायची, वितळवायची आणि नवी ओतून द्यायची. तो माणूस आठवतो ना, आई जाऊन सहा वर्षं झाल्यावर तिच्या अंगठ्याचा दिवा घेऊन आला होता? बूड गळत होतं. बाबा म्हणाले, जिचा अंगठा ती आता नाही. तू त्याच्या हातातून दिवा घेतलास आणि म्हणालीस, आईचा अंगठा तो आता माझाच. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझ्या बहिणीसारखी बहीण जगात नाही.

तुझ्या अंगठ्याची मला तर फारच ओळख. त्यावरचा तिरका वण माझ्यामुळे आहे. मी चार वर्षांचा असेन, मेण कापायची सुरी हवी म्हणून तुझ्या हातातून ओढली. हाडापर्यंत गेली होती. बाबांना तू सांगितलंस, माझी मीच कापून घेतली. आजपर्यंत तेच सांगतेस. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली तो वण आहे.

ताई, चष्मेवाल्याने आणलेलं कासव तू उलटं करून पाहिलंस का? नाही. माहीत आहे मला. तुला राग आला की तू वस्तू बघत नाहीस, फेकतेस. ते अजून कोपऱ्यात पडलं असेल तर उचल. हलकं लागेल, पितळाचं नाहीच ते, वरून नुसता पितळी रंग. उलटं कर. पोटाखाली बघ.

तुझाच अंगठा आहे. तुझाच वण. ते कासव मी ओतलंय.

आता पुढचं भराभर लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही. निघताना तू दिलेलं कासव मी कामाच्या टेबलावर ठेवलं होतं, घरचं कोणीतरी समोर असावं म्हणून. आमचा सुपरवायझर, डोक्यावर केस नाही पण खिशात कंगवा असतो म्हणून त्याला आम्ही कंगवाच म्हणतो, त्याने विचारलं, कुणाचं काम? आणि मी छाती फुगवून सांगितलं, ‘माझ्या ताईचं. हा बघा अंगठा.’ कासव त्याने दोन दिवसांसाठी नेलं आणि परत आणून दिलं. चौथ्या दिवशी माझ्याच टेबलावर त्या कासवाचा रबरी साचा आला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, ताईचं काम कुठल्या कुठे पोचेल, लोक विचारतील कुणी केलं. मूर्ख, दुसरं काय. खोक्यावर छापलं होतं, ‘अस्सल आदिवासी हातकाम, जगात असं एकच.’ तुझं नाव कुठे नाही, आणि आत बघावं तर चोवीस कासवं. मग कंगवा म्हणाला, आणखी काही मिळेल का? आणि मी तुला फोन करून म्हणालो, मित्रांना भेट द्यायचीय, एक घुबड आणि पाठीवर पिल्लू घेतलेली माकडीण पाठव. घुबडाचे डोळे पसंत पडले नाहीत म्हणून तू ते मोडून पुन्हा केलंस ना? काकूनेच सांगितलं होतं मला. मित्र वगैरे कोणी नव्हते. त्या दोन वस्तूंवर मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि हाताखाली तीन माणसं.

म्हणजे काकू नाही. मी. तुझ्या अंगणातून नमुने बाहेर गेले ते माझ्या पिशवीतून. चार महिने मला माहीत होतं. तू रोज फोनवर ‘मागणी कमी झाली रे’ म्हणायचीस, मी ‘होईल सगळं नीट’ म्हणायचो, आणि उठून दुसऱ्या पाळीला तुझीच कासवं ओतायचो.

सोमवारी कंगवा पुट्टीचा डबा घेऊन आला. कुणीतरी दोन दुकानांतून दोन कासवं घेतली आणि दोन्हींच्या पोटाखाली एकच अंगठा बघून बोंब मारली. कंगवा म्हणाला, ‘तुझ्याकडच्या तिन्ही मूळ वस्तूंचे अंगठे बुजवून टाक, नवे साचे करू. पाच मिनिटांचं काम.’ मी पुट्टी बोटावर घेतलीसुद्धा. पण भरायची कशी, तर त्याच खळग्यावर आपला अंगठा दाबून. दाबला, आणि पुट्टीतून तुझा वण माझ्या अंगठ्याला लागला गं. मग काय झालं ते मला धड आठवत नाही. तिन्ही रबरी साचे मी सुरीने कापले, पुट्टीचा डबा कुठेतरी भिरकावला, कंगव्याला बोलू नये ते बोललो. त्याने हाकललं, आणि नसतं हाकललं तरी थांबलो नसतो. मी शूर वगैरे नाही. एका नकलेवरून दुसरा साचा करायला त्यांना एक दिवस पुरतो. आत्तापर्यंत केलाही असेल. माझा राग त्यांच्यावर आहे, चष्मेवाल्यावर आहे, पण सगळ्यात जास्त कोणावर आहे ते तुला कळलं असेलच. वर मघाशी तुला जे काही सुनावलं, ते निम्मं खोड आणि तिथे माझं नाव घाल.

पत्र एवढ्यासाठी लिहिलं की हे तुला माझ्याआधी पोचायला हवं. आधी उठून काकूकडे जा, फळी घेऊन जा. माझं नाव सांग, ‘माझं माझ्याच हातून झालं’ असलं काही या वेळी सांगायचं नाही. चार दिवसांत मी येतोय. कासव, घुबड, माकडीण तिन्ही माझ्या पिशवीत आहेत, अंगठ्यांत शिरलेली पुट्टी टाचणीने काढतोय. वस्तूंत खोट नाही, पण मला त्या परत द्यायच्या आहेत. अंगठा तुझा आहे, तेव्हा घ्याव्याच लागतील, आणि का म्हणून मला विचारता येणार नाही. वितळवाव्या लागतील, नव्या ओतून द्याव्या लागतील. भट्टीशिवाय ते कसं करतेस बघतोच. तोवर तिच्या एका विटेला हात लावायचा नाही. बाबांनाही सांग. भाता मी ओढीन. मारायचं तर मार, हवं तेवढं मार, पण पितळ ओतून झाल्यावर.

तुझाच,
भडक्या