काचेला हळदकुंकू

२० सप्टेंबर १९९८, कात्रप

मागची खोली आता यांची प्रयोगशाळा! कडाप्प्याची फरशी, तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूबा — हादरे नकोत म्हणून. वर लेसर, आरसे, काचा. मी फुलपात्र जरा आपटलं की आतून ओरडा — "मालिनी, हळू!"

एवढं करताय तरी काय? तर म्हणे, प्रकाशाच्या कणाकडून गणित करून घेतोय. कण कुठल्या वाटेने गेला ही एक खूण, उभा डोलतो की आडवा ही दुसरी. वाट बघून डोलणं पालटायचं — हेच लॉजिक गेट. मी म्हटलं, मग दोन खुणांना दोन कण घ्या की! "अगं, दोन कण समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळख दाखवत नाहीत."

आमच्या घरात काय वेगळं आहे! यांनी अंबरनाथची कारखान्यातली नोकरी सोडून कॉलेज आणि पीएच.डी. धरली, तेव्हापासून बाबा, म्हणजे माझे सासरे, यांच्याशी बोलत नाहीत. "मालिनी, त्याला सांग, लाइटबिल आलंय." आणि 'तो' शेजारच्याच पाटावर! सांगते बापडी.

२४ सप्टेंबर

४ तारखेला गाइड प्रयोग बघायला येणार. नाही जमला तर कारखान्यात परत जाईन — यांनी बाबांना शब्द दिलाय. अर्थात माझ्यामार्फत.

२९ सप्टेंबर

पडद्यावर उजेड-काळोखाचे पट्टे आले! म्हणजे दोन्ही वाटा जुळल्या. हे पोळी हातात धरून नाचले.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

अरे देवा! बाबांचा जन्म कारखान्यात गेला, पूजेतून एकही मशीन सुटता कामा नये. शिलाईमशीन, विळी, किसणी झाली — आणि मग आत जाऊन प्रत्येक आरशाला बोटाने हळदकुंकू! लेसरला झेंडूची माळ!

हे आले, बघून मटकन खालीच बसले. पुसायला गेले तर आरशांचा मुलामाच निघाला — या आरशांना तो मागे नाही, पुढूनच असतो म्हणे. मला हसूही फुटेना, रडूही. बाबा दारात, हातात कुंकवाचा करंडा.

"त्यांना सांग..." एवढंच म्हणाले हे. मग मला हळूच, "माझ्या काचांची पूजा केली गं त्यांनी?"

४ ऑक्टोबर

नाही जमलं. पट्टे आलेच नाहीत. गाइड म्हणाले, पुन्हा दाखवा. पण हे हट्टी — शब्द म्हणजे शब्द! कारखान्याचा अर्ज लिहायला बसलेत. मला फार वाईट वाटतंय.

५ ऑक्टोबर

सकाळी बाबा बाहेरचा शर्ट घालून सरळ यांच्यासमोर. "श्यामकांत, अर्ज राहू दे. ऊठ. आरसे कुठे मिळतात ते दाखव मला."

दोघं गेले. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही! ओट्याशी उभी राहून पोटभर रडले.