दिवस गेले

४ मार्च १९९७
आजपासून रोजनिशी. एसटीडी बूथवाला म्हणजे बिरवाडीचा डॉक्टरच, सगळ्यांची गुपितं आपल्यापाशी. नियम पहिला: ऐकलेलं तोंडाबाहेर काढायचं नाही. रेडिओ मोठ्यानं लावणार.

६ मार्च, दुपार
रेडिओचे सेल संपले. त्याला मी काय करणार? औषध कंपनीत पॅकिंगला जाणारी मंजुळा फोनवर रडत होती. काचेतून दोनच शब्द आले: दिवस गेले. अरे देवा! एप्रिलात पोलादपूरच्या भागोजीबाबांच्या मुलाशी लग्न आहे हिचं. कुणाला सांगणार नाही.

६ मार्च, संध्याकाळ
हिला सांगितलं. बायको म्हणजे काही 'कुणी' नव्हे. ही म्हणाली, मी कशाला कुनाला सांगू, मला काय कामं नायत?

९ मार्च
गिरणीत मुरारीनं मलाच बातमी सांगितली. तीत एक सुपरवायझरही आलाय. लोक किती तिखटमीठ लावतात! हे गाव सुधारणार नाही.

१२ मार्च
मंजुळा आली. हसत. म्हणाली, काका, त्या दिशी मी रडले ना, पंधरा दिवस गेले तरी मुंबैवरनं सहदेवदादाचा फोन नाय, म्हून घाबरलेले. काल आला येकदाचा.
'पंधरा' तेवढा काचेत अडकला होता. जेवण गेलं नाही.

१३ मार्च
निश्चय. उद्याच पोलादपूरला जाऊन भागोजीबाबांच्या कानावर खरं घालणार.

१५ मार्च
पाय मुरगळला. थोडासाच.

२० मार्च
चवदार तळ्याच्या सत्याग्रहदिनाची गर्दी, एसट्या भरलेल्या. नळावर मंजुळा एकटी. बायका हंडे घेऊन लांब सरकल्या. मला बघवेना. चूक माझी आहे. म्हणजे, सेलची.

२२ मार्च
गेलो! ठणकावून सांगितलं, मंजुळाला दिवस गेलेत ही बातमी साफ खोटी आहे. भागोजीबाबा म्हणाले, कसली बातमी?
मग सगळी सांगावी लागली. आधण ठेवलेलं दिसत होतं. चहा आला नाही.

२६ मार्च
लग्न मोडलं. भागोजीबाबांचा निरोप असा: येवढ्या लांबनं मानूस खोटं हाय म्हून सांगाया येतो, म्हंजे कायतरी असनारच.

२८ मार्च
मंजुळा आली. डोळे सुजलेले. सहदेवला फोन लावला. बूथचं दार उघडंच राहिलं, सगळं वाक्य ऐकू आलं. सगल्यांनी तोंडं फिरवली रे दादा, पन बूथवालं काका देवमानूस हाय, येकटं माज्यासाठी पोलादपूरला गेलेलं.
बाहेर येऊन पाया पडली. आता तरी सांगून टाकायचं म्हणून तोंड उघडलं.
म्हणालो, सुखी राहा.