बंदरावरच्या संघाची अकरा नावं

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आज लिहायला बसलो, कारण दोन वर्षांपूर्वी तुम्ही शिकवलं तसं मी अगदी तंतोतंत केलं आणि त्यापायी दूरच्या एका देशात काही माणसांचे हाल होण्याची वेळ आली होती. ताईला यातलं अर्धंच माहीत आहे. ती एवढंच म्हणाली, "कुणी सांगितलं होतं तुला ही उठाठेव करायला? आबांचं सगळं घेतलंस बघ, डोकं सोडून." तुम्ही असता तर हसला असता, आणि मग मला म्हणाला असता, की बस, पहिल्यापासून सांग.

मी आता अमेरिकेत आहे, न्यू जर्सीत, आयसेलिन नावाच्या गावात, ताई आणि भाऊजींच्या घरी. ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची साड्यांची, दागिन्यांची दुकानं झाली आहेत. ती संपतात तिथे एक लहानसा छापखाना आहे, तिथे मी कामाला आहे. तुमच्या प्रेससारखे शिशाच्या अक्षरांचे खिळे नाहीत. यंत्रावर टाइप केलं की गुळगुळीत कागदाच्या पट्टीवर अक्षरं उमटून येतात, ती कापून मेणानं चिकटवायची आणि त्याचा फोटो काढून छापायचं. लग्नपत्रिका, हॉटेलांचे मेनू, देवळाच्या पावत्या. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला इंग्रजीची भीती असतेच, म्हणून मी डिक्शनरी यंत्राशेजारीच ठेवतो आणि येणारा शब्दही एकदा बघून घेतो. मालक गुजराती आहेत. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "स्पेलिंगची काळजी नको, आमचा हा मुलगा झोपेत पण डिक्शनरी उघडतो."

त्या मेनूंपैकी एक मेनू पिझ्झाच्या दुकानाचा होता. दुकान एका अल्बानियन म्हाताऱ्याचं. सत्तरीच्या पुढचा, रुंद खांद्यांचा, उजव्या पायानं किंचित लंगडणारा. मी सवयीनं त्याला काका म्हणालो आणि त्याचा अर्थ सांगितला, तर म्हणाला, "आमच्याकडे काकाला जाजा म्हणतात. तू जाजाच म्हण, मला बरं वाटेल." त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं होतं, म्हणून आम्हां दोघांना एकमेकांची लाज वाटत नसे. एक दिवस मेनूच्या मागच्या बाजूला हातानं लिहिलेले सहा कागद त्यानं माझ्यासमोर ठेवले. "हे नीट इंग्रजीत कर," म्हणाला. "छापायचं आहे. आमच्या लोकांच्या हॉलमध्ये पोरांना वाटायला." पोरं म्हणजे त्यांची नातवंडं, जी इंग्रजीशिवाय काही बोलत नाहीत.

तो एका फुटबॉल क्लबचा इतिहास होता, आबा. वाचता वाचता मला आपली पेठ दिसायला लागली. त्यांचं गाव बंदराचं. इटलीहून आलेल्या बोटीवरचे खलाशी गोदामांमागच्या मिठागराच्या सपाटीवर चेंडू खेळायचे, ते बघून गावातली पोरं खेळायला लागली. परदेशात शिकून आलेल्या एका शाळामास्तरांनी त्यांची सोसायटी काढली, नियम लिहून काढले, वर्गणी ठरवली. पहिले शर्ट आयांनी घरी निळ्या रंगात बुडवून काढले. पहिल्या सामन्यात पाऊस आला आणि सगळा संघ कमरेपर्यंत निळा झाला, म्हणून गाव त्यांना बरीच वर्षं 'निळी ढुंगणं' म्हणत होतं. गोलचे खांब फुटक्या होडीच्या लाकडाचे. राजधानीच्या संघाशी त्यांनी बरोबरी केली, त्या दिवशी बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले. मग इटलीचं सैन्य आलं, मग लढाई. लढाईनंतर जे सरकार आलं त्यानं क्लबचं नाव बदललं, शर्टाचा रंग बदलला आणि आधीची कागदपत्रं शाळेच्या अंगणात जाळली. आता तिथल्या पेपरांत छापतात, की हा क्लब नव्या नावानं निघाला त्याच वर्षी जन्मला. "म्हणजे मी ज्या क्लबात खेळलो तो नव्हताच," जाजा म्हणाला. "मी कुठे धावत होतो मग? हवेत?" तो उजव्या बगलेचा खेळाडू होता. पुढे एका रात्री होडीतून इटलीला पळून आला आणि तिथून इकडे.

शेवटच्या कागदाला एक फोटो टाचला होता. अकरा तरुण, सहा उभे, पाच गुडघ्यावर. खाली काय लिहायचं विचारलं तर जाजा म्हणाला, "अकरा खेळाडू असं लिही." मी म्हणालो, नावं? तो म्हणाला, "नावं नाहीत," आणि पीठ मळायला वळला. मला वाटलं म्हातारा विसरला असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. मला त्याची दया आली. मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्याच क्षणी विचारायला हवं होतं. पण तुम्हाला माहीतच आहे, मला माणसांना दुसऱ्यांदा विचारायला भीती वाटते. कागद मात्र मी दहादा विचारू शकतो.

तुमची वही आठवली मला. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची, लाल कापडी पाठीची. रविवारी सामना झाला की सोमवारी प्रेसला जायच्या आधी तुम्ही ती काखेत मारून हरलेल्या किंवा जिंकलेल्या त्या दुसऱ्या पेठेत जायचा, आदल्या दिवशी दगडफेक झालेली असली तरी, आणि त्यांच्या कप्तानाला वाचून दाखवून त्याची सही आणायचा. आई म्हणायची, "डोकं फोडून घेऊन याल एखाद्या दिवशी." तुम्ही म्हणायचा, "आपलं आपण लिहिलेलं म्हणजे वर्णन. त्यांनी सही केली की इतिहास." मी दहा वर्षांचा असेन. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही चुलीशेजारी पाटावर, आणि वही मी लिहितोय, कारण तुमच्या बोटाला पट्टी आहे. मी लिहिलं, 'दुसरा गोल, कोणीतरी.' तुम्ही वही ओढून घेतली. तुमचा आवाज चढला नाही, पण आईचा हात थांबला. "कोणीतरी म्हणजे? त्याला आईबापानं नाव ठेवलं नाही? जा, विचारून ये." आणि मी उन्हात, अनवाणी, तीन गल्ल्या पालथ्या घालून त्या गोल मारणाऱ्या गवंड्याचं नाव विचारून आलो. तो माणूस इतका खूश झाला, की त्यानं मला भजी दिली. हे मी विसरलो नाही. म्हणून हे झालं.

जाजा बोलता बोलता एका माणसाला नेहमी शिव्या द्यायचा. शेजारच्या गावच्या संघाचा डावा बॅक, ज्यानं त्याचा गुडघा मोडला होता. तोही आता न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका इमारतीची देखभाल करतो, हे त्याच्याच तोंडून कळलं होतं. हॉलच्या पत्त्यांच्या यादीत मला तो सापडला. एका रविवारी बस, मग सबवे करून मी फोटो घेऊन गेलो. तळघरात बॉयलरशेजारी खुर्ची टाकून बसला होता. फोटो बघितला आणि डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत सुटलाच. "हा गोलकीपर. याच्या पायांतून बकरी गेली असती, पोरांसकट. हा सेंटर हाफ, हा खरा खेळाडू, तुझ्या पिझ्झावाल्याचा धाकटा भाऊ. आणि हा स्वतः तो, बघ, फोटोतसुद्धा पंचाकडे तक्रार करतोय." अकराच्या अकरा नावं, बापाच्या नावांसकट. मी ती लिहून घेतली, अक्षर अन् अक्षर त्याच्याकडून तपासून. निघताना त्यानं माझा हात धरून ठेवला होता.

नावं टाइप केली, फोटोखाली लावली आणि दोन प्रुफं काढली. एक ब्रॉन्क्सला पोस्टानं पाठवलं, सोबत चिठ्ठी, की वाचून सही करून परत पाठवा. दुसरं घेऊन मी गुरुवारी दुपारी पिझ्झाच्या दुकानात गेलो. भेट द्यावी तसं काउंटरवर ठेवलं. खरं सांगतो, मला भज्यांचीच अपेक्षा होती.

जाजानं चष्मा लावला. ओठ हलले, एकदा, दोनदा, मग थांबले. पिठाच्या हातांनीच त्यानं कागदाची घडी घातली, भट्टीचं दार उघडलं आणि कागद आत टाकला. तो पेटेपर्यंत बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आणखी किती?"

"एक. ब्रॉन्क्सला. सहीसाठी."

"सही," तो म्हणाला. मला वाटलं मारणार. तो पिठाच्या पोत्यावर बसला. "ऐक. मी इटलीत उतरलो तेव्हा एक पेपरवाला आला. मला म्हणाला, खेळायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणी नाही, मीच भावाला शिकवलं, आणि भावाचं नाव सांगितलं. बस, एवढंच. त्यांनी छापलं. सहा महिन्यांत त्याला बायकापोरांसकट दलदलीतल्या एका खेड्यात नेऊन टाकलं. अजून तिथेच आहे. तिथे पळून गेलेल्याची सावली घरच्यांवर पडते, समजलं का? आणि हॉलमध्ये कोण कुणाला काय कळवतो ते आम्हाला कधी कळत नाही. या फोटोतले दोघं गेले. तिघं तुरुंगात म्हातारे झाले. एक अजून तिथे पोरांना खेळ शिकवतो. माझ्या पुस्तकात त्याचं नाव आलं, तर उद्या तो कुठे असेल?"

मी सॉरी म्हणालो, पुन्हा म्हणालो. "सॉरी नंतर म्हण," तो म्हणाला, "आधी गाडीत बस." बर्फातसुद्धा बंद न राहणाऱ्या दुकानाला त्यानं भर दुपारी कुलूप लावलं. सगळ्या रस्त्यात तो एकदाच बोलला, "तू चांगलं करायला गेलास, ते मला दिसतंय. म्हणून ओरडत नाही." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ब्रॉन्क्सच्या त्या इमारतीच्या पायऱ्यांवर दोघं म्हातारे समोरासमोर उभे राहिले. ते आपल्या भाषेत बोलले आणि मला त्यातलं काही कळलं नाही, पण डाव्या बॅकचा चेहरा उतरताना दिसला. मग तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मला कळायला हवं होतं. मलाच. पण चाळीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं रे." टपाल यायचं होतं. आम्ही तिघं पायरीवर बसून पोस्टमनची वाट बघत राहिलो. वेळ जावा म्हणून जाजानं नावं नसलेली पानं त्याला दिली. त्यानं ती सावकाश वाचली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे खोटं आहे. तुम्ही दोन-शून्य नाही जिंकलात. दोन-एक."

"तो ऑफसाइड होता!"

"तू गुडघा धरून मैदानाबाहेर पडला होतास. तुला काय दिसलं?"

"गुडघा कुणी मोडला होता?"

"मीच. म्हणून तर सांगतो, तुला दिसलं नाही."

जाजा माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन-एक कर." पोस्टमन तीनच्या सुमारास आला. माझ्याच अक्षरातला लिफाफा, बंद. आम्ही तळघरात उतरलो आणि डाव्या बॅकनं तो बॉयलरमध्ये टाकला. माझी टिपणंही जाजानं मागून घेतली आणि त्यावर टाकली. "आणि डोक्यातलं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, परकी नावं, माझ्या काय लक्षात राहणार.

पुस्तिका छापली. फोटोही काढून टाकला, चेहरेही नकोत म्हणून. त्याच्या जागी मी मैदान आखलं आणि अकरा वर्तुळं काढली, एक गोलकीपरचं, त्याच्यापुढे दोन, मध्ये तीन, पुढे पाच, जसं ते तेव्हा खेळायचे. हॉलमध्ये वाटली तेव्हा जाजाच्या नातीनं विचारलं, "व्हिच वन इज यू, ग्रँडपा?" त्यानं बोट उजव्या बगलेवर ठेवलं नाही. मधल्या रांगेतल्या मधल्या, सेंटर हाफच्या वर्तुळावर ठेवलं आणि म्हणाला, हा बघ, हा सगळ्यात चांगला होता. नातीला वाटलं आजोबा बढाई मारतायत. ती हसली.

जाजा आता मुलीकडे डेट्रॉइटला राहायला गेलाय. मागच्या महिन्यात फोन आला होता, तिकडची काही वाईट बातमी नाही म्हणाला. मी तरी टपालाची पेटी उघडताना अजून घाबरतो.

आबा, मी त्याला खोटं सांगितलं. नावं माझ्या लक्षात होती, अकराही, बापाच्या नावांसकट. दाढी करताना मी ती रोज मनात म्हणतो. आज सकाळी डाव्या हाफपाशी अडलो. आधी हायसं वाटलं, मग वाटलं, उरलेलीही अशीच जातील, आणि कामावर न जाता मी कागद घेऊन बसलो. हे पत्र मी खरं म्हणजे ती नावं उतरवून ठेवायलाच घेतलं होतं. म्हटलं, तुम्हाला लिहिलं तर कुणाच्या हाती पडणार? पण कागद तो कागदच, ताईच्या घरात राहणार. चार पानं झाली, लिहिली नाहीत. डाव्या हाफचं नाव अजून आठवलेलं नाही.