पातेल्यात पाणी ओतू नका

अहो,

गॅसवरच्या पातेल्यातून खरपूस वास येईल. भात करपत नाहीये, तो तसाच व्हायचा आहे. झाकण उघडू नका, आणि सवयीप्रमाणे पाणी तर मुळीच ओतू नका. पाऊण वाजता फक्त गॅस बंद करा.

हा इराणी भात. तळाशी तूप-केशर घालून मुद्दाम खरपुडी धरू देतात. व्हिडिओ बघून शिकले. आधीचे तीन फसले. त्यांचाच फोडणीचा भात तुम्ही आवडीने खाल्लात. तीस वर्षं आपल्या भाताची खरपुडी मी ओट्याशी उभी राहून गुपचूप संपवली, आणि इथे अमेरिकेत, आपल्या बेलव्ह्यूत, लोक तिच्यासाठी हॉटेलाबाहेर रांगा लावतात!

सलोनी आणि तिच्या बेहरूझला आणायला एअरपोर्टवर चाललेय. तुम्ही झोपेचं सोंग छान वठवत होतात, म्हणून हाक मारली नाही. निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

बेहरूझच्या घरी खरपुडीचा पहिला तुकडा पाहुण्याला देतात. आज तो तुम्ही त्याला वाढा. लेकीने त्याच्याबद्दल सांगितल्यापासून दोन महिने तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत, आजही भाषण नको. फक्त ‘अजून घ्या’ म्हणा. आग्रहात तुमचा हात कोण धरणार! तेवढं मराठी तो शिकून आलाय.

— सुचित्रा