मालिश म्हणे!

मंगळवार, संध्याकाळ

सुगंधाचा विम्याचा क्लेम परत आला. कारण एका ओळीत: 'मालिश पॉलिसीत बसत नाही.' मालिश! हरसूलची ही पोरगी शर्यतीत पडली, घोट्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनीच तिला माझ्याकडे, मैदानावरच्या ट्रेनरकडे, पाठवलं. तीन महिने खपून मी तिला आधी उभं केलं, मग पळवलं. याला मालिश म्हणायचं?

तणतणत विमा कंपनीत फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याच रजिस्टरची झेरॉक्स जोडलीय. त्यात रोज तेच लिहिलंय."

रजिस्टर उघडून बघितलं. खरंच की, माझंच अक्षर. मैदानावर सगळे माझ्या कामाला मालिशच म्हणतात म्हणून मीही तेच लिहीत गेले? एवढं शिकून हेच?

पण तो भला निघाला. डॉक्टरांचं पत्र आणि नेमके काय व्यायाम घेतले ते लिहून द्या, म्हणाला, पुन्हा बघतो. डॉक्टर उद्याच पत्र देताहेत.

सुगंधाला सांगितलं तर ती खो खो हसली. "मॅडम, मालिश तं तुम्ही एकदाबी नाय केली. लय पळवलं नुसतं."

तेच वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि खाली तिची सही घेतली.