उशिराचे दाणे

अहो,

मी आज लवकरच लॅबला निघालेय. काल तुमच्यावर उगाच खेकसले, डोक्यात आपल्या ठमीचं रक्त होतं. गेल्या महिन्यात तिचा घसा धरला होता, तेच दुखणं आता गुडघ्यात उतरलंय का, ते मीच तपासलं. काचेवर तिच्या रक्तात औषध मिसळून ठरलेल्या वेळेपुरतंच हलवायचं. दाणे दिसले तर भीती खरी. वेळ संपली तेव्हा काच स्वच्छ होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता, मी हलवतच राहिले. मग दाणे आले. उशिराचे दाणे खरे धरत नाहीत, हे नव्या मुलींना मीच शिकवते.

गुडघा दुखतो का विचारू नका, नाहीच म्हणेल. जिना उतरताना बघा.

आज पुन्हा तपासायचंय, पण काच लॅबच्या डॉक्टर मॅडमच्या हातात देणार आहे. मी फक्त घड्याळ बघेन.